फुलं खच्ची करणारा

१९७१ सालचा हिवाळा. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नगरात आमच्या घरामागं चार वाफे होते, त्यात स्वतःच्या जातीचा टमाटा तयार करायचा मी ठरवलं. माणसानं असलं काम काढलं की आळी गप्प बसत नाही. किस्से मी गोळा केले नाहीत. लोकांनीच ते माझ्या दारात आणून टाकले.

मी गवंडी, शाळा चौथीपर्यंत. पण जिभेला शाळा लागत नाही. गावरान टमाट्याला चव असते, पण पिशवीत घातला की फुटतो. तेव्हा बाजारात नवा गुळगुळीत टमाटा येऊ लागला होता. तो भिंतीवर आपटला तरी फुटत नाही, आणि खाल्ला तरी कळत नाही. मला एकाची चव आणि दुसऱ्याची साल एका फळात हवी होती. यात हसण्यासारखं काय, ते मला आजही समजलेलं नाही.

गावरान झाडाची कळी उमलायच्या आत उघडायची, आतला नराचा भाग चिमट्यानं काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी तिथं नव्या जातीचा पराग लावायचा. शेजारच्या दत्तू शिंप्यानं कुंपणावरून विचारलं, मी सरळ सांगितलं. त्यानं आळीभर केलं, मिस्त्री फुलं खच्ची करतात.

चार दिवसांनी खेड्यातला एक शेतकरी गोऱ्हा घेऊन दारात उभा.

"मिस्त्री, हात लई हलका हाय म्हनं तुमचा. एवढा गोऱ्हा उरकून द्या."

मी त्याला दत्तूचं दुकान दाखवलं.

पराग लावलेलं फूल ओळखू यावं म्हणून मी त्याच्या देठाला लाल दोरा बांधत असे. समोरच्या घरातल्या जनाबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या सुनेला मूल नव्हतं. एका सकाळी जातो तो सगळ्या झाडांवर लाल दोरे. माझे कोणते, जनाबाईंचे कोणते, काही कळेना. जाब विचारला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "भावजी, तुमचा नवस फळला तर आमचाबी फळंल."

सगळं पुन्हा करावं लागलं. या खेपेला काळा दोरा घेतला. आळी म्हणाली, मिस्त्रींनी झाडांची दृष्ट काढली.

वर्षाच्या आत सुनेला मुलगा झाला. जनाबाईंनी पेढा आणला, तो झाडाच्या बुडाशी ठेवला. मला नाही. मुंग्या मात्र माझ्या वाफ्यात.

बहात्तरला पाऊस आला नाही. मी आंघोळ वाफ्यात बसून करू लागलो, म्हणजे पाणी झाडांना मिळे. मुक्कामाला आलेले साडू कुरकुरले, की टमाट्यांना आंघोळ आणि पाहुण्याला अर्धा कप चहा. मी म्हणालो, पाहुण्याचं बी धरायचं नसतं. ते दुसऱ्या दिवशी गेले.

दोन्ही जातींच्या मेळातून आलेली पहिली झाडं सगळी सारखीच निघाली. त्यांचं बी पेरलं, तेव्हा प्रत्येक झाड निराळं. कुठं चव होती तर साल नव्हती, कुठं साल होती तर चव नव्हती. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात एकाच झाडाला दोन्ही आलं. पहिलं फळ मी चाखता चाखता बियांसकट संपवलं. मग झाडाला मर लागली. उरलेली कच्ची फळं सडली. एकच पुरतं पिकून हाती आलं. माझी सगळी जात त्या एका फळाच्या बियांत होती. ते मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, संध्याकाळी येऊन बी काढायचं म्हणून, आणि कामावर गेलो. बायको लेकीकडं गेली होती.

आमच्या आळीत दाराला कुलूप नसे. घरात कुणी नसलं तरी वाटीभर साखर, चार मिरच्या उसन्या न्यायच्या, दिवे लागायच्या आत परत करायच्या. कुणी त्याला चोरी म्हणत नसे.

त्या दुपारी जनाबाईंकडं जावई जेवायला आले. आमटीला घरात आंबट काही नव्हतं.

मी संध्याकाळी आलो तर फळी मोकळी. तेवढ्यात जनाबाई आल्या. बाजारातला एक गुळगुळीत टमाटा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"घ्या भावजी. तुमचा बारका हुता, मी मोठा आनला. उसनं फिटलं."