भावापायी एम.एस.डब्ल्यू.

माझ्या धाकट्या जावेचा माहेरचा भाऊ दारूत बुडालेला. त्याला आपणच समजावून बाहेर काढायचं, हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं आणि ती कोल्हापुरातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन धडकली. तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, नुसत्या कळकळीवर समुपदेशक होता येत नाही. आमच्याकडे पदवी लागते आणि वर समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. बाई बारावी पास. दुसरी असती तर हात जोडून घरी आली असती. ही मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊनच आमच्या गावच्या, गडमुडशिंगीच्या बसमधून उतरली.

पदवी झाली, एम.एस.डब्ल्यू. सुरू झालं. म्हशींच्या धारा उरकून ती अभ्यासाला बसायची. पुस्तकात कधी अडली नाही, अडली ती फील्डवर्कला. केंद्रातल्या पेशंटसमोर बसून नुसतं ऐकायचं, उपदेश करायचा नाही! आमच्या घरात पाहुण्याला पाण्याआधी सल्ला देतात. पहिल्याच पेशंटला हिनं झाडलं, "पोरंबाळं हायत न्हवं? लाज वाटत न्हाय व्हय?" तो उठून गेला आणि हिला सराव करून यायला सांगितलं.

मग मी दारुडा झाले. भाकरी थापता थापता मी वाट्टेल ते बरळायचे आणि ती ओठ मिटून ऐकायची. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "गप बसाय शिकाय कालेज लागतंय व्हय?"

लागतं हो. मला तर जन्मात जमलं नसतं. तिला जमलं. ती पास झाली आणि त्याच केंद्रात नोकरीला लागली.

यंदा भाऊ स्वतःहून केंद्रात आला. मी तिचा डबा द्यायला गेले होते, तेव्हाच. तो थेट तिच्यासमोर बसला, आणि ती खुर्चीतून उठली.

"ताई, तूच बोल की माझ्यासंगं," तो काकुळतीला आला.

"न्हाय रे. घरच्या माणसाला आपण पेशंट म्हणून घ्यायचं नसतंय. पयल्याच वर्षाला शिकिवलंय आमाला."

म्हणजे हे तिला कधीचं ठाऊक होतं, तरी ती शिकत राहिली होती. मला तिचा फार अभिमान वाटला. तिनं त्याला एका सहकारी बाईंच्या खोलीत पोचवलं आणि बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. ती चटकन उभी राहिली, पदर सारखा केला आणि तिथं येणारा प्रत्येक नातेवाईक विचारतो तेच तिनं विचारलं, "मॅडम, सुधारंल न्हवं तो?"