लाल गाडी आणि यशवंताचा कौल

माझं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं माझी बायको मरेपर्यंत समजत होती. मीही तिला तसं समजू दिलं. एवढं एक मात्र तिला सांगितलं नाही, गावात कुणाला नाही, देवासमोर तर नाहीच — देवासमोर काय केलं ते पुढे येईल. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या तोंडाकडे बघून हे बोलता आलं असतं, तर इतकी वर्षं गप्प बसलो असतो का?

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. रत्नागिरीत माझं गॅरेज होतं. मुंबईत एका उस्तादाच्या हाताखाली शिकून परत आलेलो, त्यामुळे अंगात शिष्टपणा भरपूर. बाकीचे मेकॅनिक ट्रक-टेम्पोखाली झोपायचे, मी इंपोर्टेड गाड्यांचा माणूस. आता रत्नागिरीत इंपोर्टेड गाड्या होत्या किती? माझ्या हाताखालून जाणारी एकच — बापूसाहेबांची.

बापूसाहेब मोठे आंबा बागायतदार. मुंबईतल्या कुणा पारशाकडून त्यांनी ती घेतली होती. लाल, उघड्या टपाची, दोनच माणसांची, जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी. तिचं मूळ इंजिन गेलं, सुटे भाग मिळेनात, म्हणून मी देशी गाडीचं हलकं इंजिन त्यात बसवून दिलं. पुढचं वजन घटलं आणि गाडीचं नाक वर आलं. चालायला काही वाईट नव्हती, फक्त दिसायला जरा हसू येण्यासारखी.

बापूसाहेबांचा माधव तेव्हा पुण्याला कॉलेजात. एकुलता एक, बोलका, सुट्टीत आला की गॅरेजात येऊन तासन्‌तास स्टुलावर बसणारा. त्याने कुठल्याशा विलायती मासिकातलं चित्र आणून दाखवलं. तीच गाडी, पण नाक जमिनीला टेकल्यासारखं. ‘सुरेशकाका, अशी पाहिजे,’ म्हणाला. मला तो पोरगा आवडायचा. आणि खरं सांगू? ते चित्र बघून मलाही खुमखुमी आली.

गाडी पुढून खाली आणायची तर पुढच्या दोन्ही स्प्रिंगा आखूड करायच्या. आखूड स्प्रिंग विकत मिळणार कुठे? कापायची. कापायची तर करवतीने, पाणी मारत, सावकाश. स्प्रिंगचं पोलाद कडक, पाती तुटतात, हात भरून येतात. दुसरा मार्ग म्हणजे शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा गॅस कटर. मिनिटाचं काम. पण आग लागली की पोलादाचं पाणी उतरतं, आणि मग ती स्प्रिंग कधी तुटेल ते सांगता येत नाही. उस्तादाने हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

शिमगा होता. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. पालखी दारात आली आणि घरचा कर्ता पुरुष हजर नाही, हे आमच्या गावात चालत नाही. मुंबईचे चाकरमानी नोकरीवर लाथ मारून येतात त्यासाठी. त्या दिवशी दुपारनंतर पालखी माझ्या घरी यायची होती, आणि माधवला गाडी त्याच दिवशी हवी होती. मी त्याला दोन दिवस थांब म्हणू शकलो असतो की नाही? शकलो असतो. म्हटलं नाही.

दोन्ही स्प्रिंगा गॅसने कापल्या, बादलीतल्या पाण्यात बुडवल्या, बसवल्या आणि गाडी देऊन टाकली. नाक झकास खाली आलं होतं. संध्याकाळी दारात पालखी नाचवली, गुलालाने माखलो, खूश होतो.

गाडी चालवायचा यशवंत. माझ्याच गावचा, शाळेत माझ्याच बाकावरचा. बापूसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून त्याला मीच चिकटवला होता. पंधरवड्याच्या आत पावसच्या रस्त्याला, एका उतारावर, गाडी डावीकडे खेचली गेली आणि कडेच्या गडग्यावर, जांभ्या दगडाच्या कुंपणावर आदळली. यशवंताचा हात मोडला. शेजारी माधव बसला होता. तो जागीच गेला.

गाडी ओढून माझ्याकडेच आणली. दुसरीकडे कुठे आणणार? डाव्या बाजूची स्प्रिंग तुटली होती. जिथे आग लागली होती तिथेच, निळा डाग होता तिथेच. आदळल्यावर तुटलेलं लोखंड वेगळं दिसतं आणि आधी तुटलेलं वेगळं, हे मला कळतं. मी ते दोन्ही तुकडे काढून भंगारात टाकले. पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणालो, गाडीत दोष नव्हता. झालं, लिहून घेतलं त्यांनी. इथेच थांबलो असतो तरी मी खोटारडा म्हणून पुरेसा होतो. पण थांबलो नाही.

यशवंत सगळ्यांना एकच सांगत होता. मलाही त्याने सांगितलं, हात गळ्यात बांधलेला असताना: ‘सुऱ्या, चाक खाली बसला रे. स्टेरिंग हातात ऱ्हायलाच नाय.’ मी मान हलवली.

बापूसाहेब भला माणूस. ते म्हणाले, मला कोर्टकचेरी नको. देवाला कौल लावू, देव यशवंताला सोडवेल तर माझं काही म्हणणं नाही. यशवंत लगेच तयार झाला. त्याला भीती कसली? कौल म्हणजे गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझी मात्र झोप उडाली. देव खरं सांगेल, अशी माझी खात्री होती. म्हणून तर मी ते केलं.

देवळात गुरवाने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, प्रश्न काय घालू? बापूसाहेब माझ्याकडे वळले. ‘सुरेश, तुला यातलं कळतं. नेमकं काय विचारायचं ते तू सांग.’ यशवंतानेही माझ्याकडे बघितलं, अगदी निर्धास्त. आपल्या बाकावरचा माणूस आहे, नीट विचारेल, असं वाटलं असणार त्याला.

मी म्हणालो, यशवंत गाडी जोरात हाकत होता का, एवढंच विचारा.

तो जोरात हाकत होता. माधवनेच आग्रह केला होता, यशवंताने ते कधी नाकारलंही नव्हतं. पण त्या वेगाने ती गाडी कितीदा तरी तो उतार उतरली होती. गाडीत काही बिघाड होता का, हा प्रश्न होता. तो मी देवापर्यंत पोचूच दिला नाही.

उजवी पाकळी पडली. बापूसाहेब चपला घालून निघून गेले. यशवंत खाली बसला. आणि मला — हे लिहिताना लाज वाटते — मला बरं वाटलं. आनंदच झाला.

पुढे यशवंताला जिल्ह्यात कुणी गाडीला हात लावू दिला नाही. तो मुंबईला गेला, एका इमारतीवर वॉचमन झाला. सगळ्यांत वाईट काय, तर त्याने मानलं. काही वर्षांनी मला म्हणाला, ‘देव कशाला खोटा बोलल? माजाच काय तरी चुकला आसल. चाक बसला ता माज्या मनाचा खेळ.’ तेव्हा आम्ही दोघंच होतो. तेव्हाही मी बोललो नाही.

दर मे महिन्यात तो गावी यायचा आणि देवळात गाऱ्हाणं घालायला लावायचा. गाऱ्हाण्यात गुरव मोठ्याने देवाची विनवणी करतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक होकार भरतात. गुरव म्हणायचा, ‘बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या हातनं एका पोराचा जीव गेला, ता पदरात घे रं म्हाराजा!’ आणि आम्ही सगळे म्हणायचो, ‘व्हय म्हाराजा!’

मीही म्हणायचो. दरवर्षी, यशवंताच्या शेजारी उभा राहून. तो वारला त्याच्या आधीच्या मे महिन्यातही म्हटलं. तोवर त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून जरा मोठ्याने म्हटलं.