पाण्याच्या आवाजाआड

देवराईतून अर्धा तास चालल्यावर धबधबा दिसला. वाट दाखवायला आलेल्या वाडीवरच्या पारूबाई कातळावर टेकल्या. पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं बोलणंही कळत नव्हतं. त्या माझ्याजवळ सरकून मोठ्यानं म्हणाल्या, "मालक गेलं तवा मी रोज हितं यायची. घरात रडलं की पोरं भेदरायची. हितं कुणाला ऐकू जात न्हाई."

मी कोसळणाऱ्या पाण्याकडे नुसता बघत राहिलो.

बाबा गेले त्या वर्षी आमच्या दोन खोल्यांच्या घरात मोरीतला नळ संध्याकाळी फार वेळ चालू असायचा. "आई, किती पाणी वाया घालवतेस!" मी बाहेरून ओरडायचो.

आणि ती निमूटपणे नळ बंद करायची.