पानांचा दामाजी

“पूस म्हनते ना मी? मंग पूस.”

“मनू, ते आता तुझं एकटीचं राहिलेलं नाही.”

“बोलली कोन? मी. भाऊ कोनाचा? माजा. मंग एकटीचं नाय तर काय अख्ख्या आळीचं हाय?”

“ठेव म्हणून तूच सांगितलंस. इथंच, या स्टुलावर बसून.”

“तवा माजा पोऱ्या नामा बेळगावला होता, फौजेच्या ट्रेनिंगला. आता वर हाय. बर्फात. तुज्या टीव्हीत दाखवतात ना, तिथं.”

शालनने हातातलं रेक्झिनचं झाकण टाइपरायटरवर ओढलं आणि उगाचच त्याच्या कडा सारख्या करत राहिली. दुपारची बॅच नुकतीच सुटली होती. डोंबिवलीतल्या पहिल्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत तिचा टायपिंगचा क्लास आणि आतल्या खोलीत संसार. संसार म्हणजे नवरा महिपत, एक पलंग आणि भिंतीला लागून एक लोखंडी कपाट. कपाटात कपडे नव्हते, कपडे दोरीवर. कपाटात होती बायकांच्या युद्धविरोधी सभांची पत्रकं, मोर्चांचे फोटो, गाण्यांच्या आणि मुलाखतींच्या कॅसेटी, आणि वरच्या कप्प्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात फ्लॉप्या. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरते, म्हणून तळाशी कोरडे तांदूळ आणि त्यावर सुती फडकं.

गेल्या वर्षी तो डबा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनुबाई हसली होती. “सुकट ठेवल्यावानी ठेवलंस गो.”

आज ती हसत नव्हती. कळव्याहून आली होती ती मासळीची पाटी न घेता, आणि मनुबाई पाटीशिवाय कुठे जाते हेच शालनला नवीन होतं.

शालन मुळात या भानगडीत पडली ती पोटासाठी. त्र्याऐंशी साली ठाण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या कलावतीबाई आपलं हस्तलिखित टाइप करायला घेऊन आल्या. बाईंचं संशोधन होतं शांततेवर. म्हणजे लढाई संपल्यावर ती बायकांच्या घरात किती वर्षं मुक्काम ठोकते, यावर. शालनने पहिली काही पानं ठोकून काढली आणि मग बोटं थांबवून नुसतीच वाचत बसली. ऑगस्टमध्ये ती बाईंबरोबर ठाण्याच्या रस्त्यावर हिरोशिमाचा फलक धरून उभी होती. हवालदाराने विचारलं, “बाई, जपानातल्या बॉम्बचं इथं काय?” कलावतीबाई म्हणाल्या, “काही नको, म्हणूनच उभ्या आहोत.” शालन ते वाक्य घरी येऊन महिपतला सांगायला गेली, तर तो म्हणाला, “जगातली युद्धं थांबवून झाली असली तर कोथिंबीर आणलीस का?”

महिपत अंबरनाथला कंपनीत फिटर. माणूस वाईट नाही. फक्त दर काही महिन्यांनी, पाहुण्यांसमोर, कपाटाकडे हात करून म्हणायचा, “लोकांना पोरंबाळं, आमच्या हिला कागदं.” पुढे पुढे ‘कागदं’च्या जागी ‘फ्लॉप्या’ आल्या.

कारण चौऱ्याण्णवला कलावतीबाई गेल्या. तेराव्याच्या आत मुलांनी फ्लॅट रिकामा करायला काढला. शालन नौपाड्यात पोचली तेव्हा मांडण्या पुसून झाल्या होत्या. रद्दीवाल्याकडे धावली, तर गठ्ठे भिवंडीच्या टेम्पोत चढून गेलेले. बाईंनी आयुष्यभर जमवलेल्या बायका, कोणाचा नवरा चीनच्या लढाईतला, कोणाचा मुलगा पासष्टच्या युद्धातला, सगळ्या किलोच्या भावात. राहिलं ते फक्त शालनकडे टाइप करायला आलेलं. त्या दिवसापासून तिने मनाशी एक गोष्ट पक्की केली. एका घरात ठेवायचं नाही. एका मरणात जाईल असं काही ठेवायचं नाही. बंद पडलेल्या एका दुकानातून तिने जुना कॉम्प्युटर उचलला, क्लास संपल्यावर एकेक कागद त्यात घालू लागली, आणि प्रत्येक गोष्टीच्या नकला काढून बाहेर पाठवू लागली. पुण्याच्या एका शांतता अभ्यास केंद्राला, दादरच्या बायकांच्या एका वाचनालयाला. पार्सलं टाकायला महिपत जायचा. कुरकुरत, पण जायचा.

मनुबाई कलावतीबाईंची कोळीण. मासळी नीट करून देता देता एकदा बोलून गेली की भाऊ एकाहत्तरच्या लढाईत बोटीबरोबर बुडाला. बाई तिच्या मागेच लागल्या. ती ऐकेना. “बोंबील घ्या बाय, भावाचं इचारू नका.” बाई गेल्या तरी बोलली नाही.

बोलली ती गेल्या वर्षी मे महिन्यात. पोखरणची बातमी आली आणि मासळी बाजारात एक पोरगा पेढे वाटत फिरत होता. त्याने मनुबाईपुढे पुडा धरला.

“कसले रं?”

“बॉम्ब फुटला ना, मावशी.”

“कोनाच्या अंगावर?”

पोरगा पुढे गेला. मनुबाई त्याच आठवड्यात डोंबिवलीला आली आणि शालनला म्हणाली, “लाव तुजा टेप.”

तेव्हा जे भरलं ते शालनच्या कपाटातलं सगळ्यात मोलाचं होतं. प्रेत मिळालं नाही म्हणून भटजीने पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. सोळा वर्षांची मनू पुढे जाऊन म्हणाली, भटजी, आमचा दामाजी एवढा बुटका नव्हता, अजून पानं लावा. भटजी म्हणाला, पोरी, पानं मोजूनच लावायची असतात. मग तो बुटका भाऊ जाळला.

मागच्या आठवड्यात ठाण्याला बायकांची सभा होती. कारगिलला लढाई पेटलेली, सभेला जेमतेम पंधरा-वीस जणी, बाहेर पोरं घोषणा देत उभी. शालनने ती कॅसेट लावली. ऐकणाऱ्यांत मनुबाईच्या शेजारची, कळव्याची शेवंतीही होती.

“शेवंतीनं आवाज वळखला माजा,” मनुबाई म्हणाली. “घरी येऊन मना बोलते, मनू, पोऱ्या वर आनि तू इथं मेलेल्याचं काय सांगत बसलीस.”

“तुझं नाव नव्हतं त्यात. मी नाव काढून टाकलं होतं.”

“नाव काढलंस. तोंड माजंच ना?” मनुबाई खाली जमिनीवर बसली, भिंतीला टेकून. “ऐक. आमच्यात होडी भाईर असली का बुडालेल्याचं नाव घेत नाय. घरात नाय, बाजारात नाय. होडी किनाऱ्याला लागली, मंग काय रडायचं ते रड. माजी आये नेमानं पालायची. मी पन पालते. नामाचा फोन यायचा शेजारी, तो बी मोप दिस झाले, नाय आला. मी तोंड गच्च बंद ठेवलंय. आनि तू माजं तोंड ठान्याला नेऊन उघडतेस.”

“टेप आपण लावली तर बोलते गं. एरवी कपाटात मुकीच असते.”

“मुकीच ठेवायची तर ठेवलीस कशाला?”

यावर शालनकडे उत्तर होतं. सभांमध्ये ती ते छान द्यायची. आत्ता ते तिला आठवलं आणि तसंच गिळलं.

“एकदा ऐक तरी,” ती म्हणाली. “काय पुसायला सांगतेयस ते.” आणि मनुबाई नको म्हणायच्या आत तिने बटण दाबलं.

“…भटजी, आमचा दामाजी एवढा बु—”

मनुबाईने उठून टेपरेकॉर्डरवर हात मारला. कॅसेटचं झाकण उघडून लोंबलं. तिने पदराने नाक पुसलं.

“घर आमचं खाडीवर,” ती म्हणाली. “खाडीत पयले मासं होतं, आता कंपन्यांचं पानी येतं. म्हनून पोऱ्या गेला. लढायला नाय गेला, पगाराला गेला. हे तुज्या त्या सभेत सांग. पन तो आल्यावर.”

शालनने कॉम्प्युटर चालू केला. तो घरघरत उठेपर्यंत दोघी उभ्याच. डब्यातून तिने कॅसेटवरचं बोलणं टाइप करून ठेवलेली ती फ्लॉपी बरोबर काढली, आत सरकवली, दोन-तीन कळा दाबल्या.

“झालं?”

“झालं.”

“एवढ्यात? घालायला तर तुना महिना लागला होता.”

“घालायलाच वेळ लागतो.”

कॅसेट मात्र तशी जाणार नव्हती. कोणी चुकून वर काही भरू नये म्हणून शालन प्रत्येक कॅसेटच्या पाठची प्लॅस्टिकची पट्टी तोडून टाकायची. एकदा महिपतने बायकांच्या गाण्यांवर क्रिकेटची कॉमेंट्री भरली होती, तेव्हापासून. आता तिने ड्रॉवरमधून सेलोटेप काढली, एक तुकडा दातांनी तोडला आणि त्या भोकावर चिकटवला. नखाने घासून बसवला. मग लाल बटण दाबलं.

“आता ही बाजू संपेपर्यंत गप्प बसायचं.”

“का?”

“पुसायचं म्हणजे वर दुसरं भरावं लागतं. काही नाही भरलं तर शांतता भरते.”

दोघी गप्प बसल्या. चकत्या फिरत होत्या. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला, थांबला. खालून रिक्षा गेली. दार ढकलून महिपत आला, पहिल्या पाळीवरून, छत्री गळती.

“अरे वा, मनुबाई. आज पापलेट नाही?”

शालनने ओठांवर बोट ठेवलं. महिपतने टेपरेकॉर्डर पाहिला, सेलोटेपचं भेंडोळं पाहिलं, मनुबाईचं तोंड पाहिलं. चपला हातात घेऊन तो आत गेला आणि चहाचं आधण ठेवलेलं ऐकू आलं.

मनुबाई फिरत्या चकत्यांकडे बघत होती. मग हळूच, जणू त्यांनाच सांगावं तसं म्हणाली, “आयेनं त्या नारलाला तेल लावलं होतं.”

शालनने मान वर केली.

“भटजीनं पानांवर ठेवायच्या आदी. पोरं न्यायला उभी, आनि माजी आये तेलाची वाटी घेऊन आली. दामाजीला सवयच होती, आंघोलीच्या आदी तेल. शेंडीपाशी असं चोलून चोलून लावलं. कोन बोललं, आवरा. ती बोलली, कानामागं राह्यलं.”

आत कपबश्या वाजायच्या थांबल्या.

“हे मी तुना तवा सांगितलं नव्हतं,” मनुबाई म्हणाली. “हे मी कोनालाच नाय सांगितलं.”

शालनची नजर टेपरेकॉर्डरच्या लाल दिव्यावर होती. तिला कळत होतं की हात पुढे करून बटण बंद करायला हवं. तिला हेही कळत होतं की मांडीवरचा आपला हात हलत नाहीये. कानामागं राह्यलं. आवाज नीट पकडला जातोय का, मिक्सर परत लागू नये, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

मनुबाईने तिच्या नजरेचा माग काढला. दिव्यापर्यंत पोचली.

“हे बी भरतंय काय त्यात?”

“मनू…”

“भरतंय ना?”

“हो.”

“पुसायला बसलीस का भरायला?”

शालनने आता बटण दाबलं. खट् असा आवाज झाला.

मनुबाई उठली नाही. आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी भांडून भांडून तिला माणूस कुठे अडतो ते बरोबर दिसायचं.

“खरं सांग. इथलं पुसलंस. दुसरीकडं कुटं हाय का हे?”

महिपत चहाचे कप घेऊन दारात उभा होता. मागच्या जुलैतलं पार्सल त्यानेच पोस्टात टाकलं होतं. पुण्याच्या केंद्राचा फोन त्यानेच घेतला होता, महिनाही झाला नसेल. ते लोक आता सगळं सीडीवर चढवणार होते. सीडी टिकते. एक प्रत परदेशी जाणार होती. त्या दिवशी शालनने आनंदाने शिरा केला होता. त्याने बायकोकडे बघितलं, मग कपात बघितलं.

“ताई,” मनुबाई म्हणाली. एरवी ती शालन म्हणायची. “माजा पोऱ्या वर हाय. कुटं हाय का?”

जिन्यावर पुढच्या बॅचच्या मुलींची पावलं वाजायला लागली होती. शालन मनुबाईकडे न बघता उठली. महिपतच्या बाजूने वाट काढत ती दाराशी गेली, चपला पायात सरकवल्या, छत्री तशीच राहू दिली, आणि वर येणाऱ्या मुलींना कठड्याशी सरायला लावून जिना उतरून गेली.