मांडीचा गाल

भेटायला येणारी माणसं बिस्किटं ठेवतात आणि जाताना एक किस्सा मागून नेतात. वर त्यांच्या येण्याचाच आणखी एक होऊन बसतो. म्हणून किस्से साठत चाललेत. मला लिहिता येत नाही. मी सांगत्ये, नात लिहून घेत्ये.

मी मिरकरवाड्याला मासळी विकायला बसते. मिश्रीने गालात कॅन्सर झाला. तो कापला की गालाला भोक पडणार, ते मांडीचं मांस लावून बुजवायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. मी एकच विचारलं, "बाजारात बसून बोलता येईल ना?"

"प्रयत्न करू," म्हणाले.

मासेवालीला आधी तोंड लागतं, विळी नंतर. तेवढ्यात माझी सून हळूच म्हणते, "डॉक्टर, गालाला डास चावला तर आई खाजवणार कुठे?"

डॉक्टरांनी फाईल तोंडापुढे धरली.

*

शुद्धीवर आले तर गळ्यात नळी, आवाज बंद, चेहरा पेटलेला. सिस्टरने पाटी दिली. "आजी, काय हवं ते लिहा."

मी काय लिहिणार? पापलेट काढलं आणि त्यावर भरपूर ठिपके.

"मासे इतक्यात नाहीत हं आजी. आणि रवा लावून तळलेले तर नाहीतच."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको हर्णैची. ती वाकून बघून म्हणाली, "अहो, त्या बर्फ मागतायत."

डॉक्टर आले, पाटी बघितली. "बर्फ मेलेल्याला लावतात, आजी. हा तुकडा जगवायचाय. त्याला ऊब लागते."

मी ठिपके पुसले.

मग सिस्टर सारखी येऊन नवा गाल बोटाने दाबायची, रंग परत येतो का बघायची. जन्मभर मी मासा दाबून ताजा ओळखला, आता मलाच दाबत होते. मी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. घेते की टाकते?

*

या गालाला काही कळत नाही. शीत चिकटलं तरी पत्ता नसतो. म्हणून घरात खूण ठरली: समोरच्याने स्वतःचा गाल चोळला की मी माझा पुसायचा.

एकदा सुनेचे मामा जेवायला होते. त्यांनी सहज गाल चोळला, मी पुसला. मला पुसताना बघून त्यांनी आपला पुसला. मी परत पुसला. ताक वाढेपर्यंत हेच चाललं. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला डास चावलाय का?"

*

शेवटी बाजारात जाऊन बसले. बायका भाव विचारायच्या, मी सांगायची, त्या माझ्या चेहऱ्याकडे बघायच्या आणि मुकाट पिशवी पुढे करायच्या. घासाघीस नाही, काही नाही. टोपली लवकर रिकामी. सून खूश. मी नाही. माझ्याशी भाव न करता मासा नेला, म्हणजे मी तिथे नव्हतेच की.

असे काही दिवस गेले. मग मांडवीच्या काकू आल्या. लग्न होऊन रत्नागिरीत आल्यापासून ही बाई भांडल्याशिवाय मासा नेत नाही. त्यांनी बांगडा उचलला, कल्ला उघडून बघितला.

"कालचा आहे. निम्मे देईन."

बांगडा त्याच सकाळी होडीतून उतरलेला. माझं डोकं फिरलं. तोंडात येईल ते सुनावलं. निम्मे शब्द गालातच अडकले, उरलेले थुंकीसकट बाहेर पडले. सून "आई, आई" करत माझा हात ओढत होती.

काकूंनी पदराने आपलं तोंड पुसलं.

"काय बोललीस ते काही कळलं नाही गो," म्हणाल्या. "पण शिवीच होती ना?"

"हो."

"मग ठीक." पदर खोचून त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "आता भाव बोल."