सिलिंगाने गिळलेल्या चार कड्या

"कड्यो खंय गेल्यो गो? गिळलंस काय त्यो?"

आमच्या वाडीतल्या काकी स्टुलावर उभ्या होत्या, हातात काथ्याची दोरी होती, आणि आवाज असा की शेजारच्या आमराईतली वानरंसुद्धा आपल्यालाच विचारताहेत असं समजून पळाली असतील. चतुर्थी दुसऱ्या दिवसावर आलेली. मिठबावच्या त्यांच्या नव्या स्लॅबच्या घरात मी दहा मिनिटांपूर्वीच मोठ्या तोऱ्यात शिरले होते. त्या हॉलचं सिलिंग म्हणजे कुणी न तपासता माझ्या ड्रॉइंगवरून झालेलं पहिलं काम. दुधासारखं पांढरं, तव्यासारखं सपाट, चारी कडांना अर्ध्या इंचाची सुबक खाच. मी कौतुक ऐकायला आले होते. वहाणा काढतानाच चेहऱ्यावर नम्र भाव चढवून ठेवला होता.

"कसल्या कड्या, काकी?" मी विचारलं.

काकींच्या हातातली दोरी खाली पडली, आणि तिचा आवाज देवगडपर्यंत ऐकू गेला असणार.

घाटावरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर एक लाकडी चौकट टांगतात, ती माटवी. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचे घोस, हातभर लांबीची तवशी म्हणजे काकड्या, केळीचा घड, रानातली लालभडक कवंडळं, असं त्या दिवसांत जे जे पिकतं ते सगळं बांधायचं. आमच्या घरची माटवी चार माणसं उचलतात आणि पाचवा त्यांना शिव्या देतो, एवढं तिचं वजन. म्हणून घर बांधतानाच स्लॅबमध्ये चार लोखंडी कड्या सोडून ठेवतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी तर लहानपणी माटवीची केळी खालच्या खाली गायब करण्यात साऱ्या वाडीत नाव काढलेलं. आणि तरीही मी स्लॅबच्या आठ इंच खाली सिलिंग आणलं आणि चारही कड्या आत बुजवून टाकल्या.

कारण मी शिकले होते.

कुडाळला ज्या सरांच्या ऑफिसात मी डिटेल काढायला शिकत होते, त्यांचं एकच म्हणणं असे. "प्लॅन कुणीही काढतो. घर बिघडतं ते दोन वस्तू जिथे भेटतात तिथे." पहिले दोन महिने मी फक्त भिंत आणि फरशी भेटते तो कोपरा काढला. मग भिंत आणि चौकट. मग चौकट आणि दार, आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून मधे सोडायची फट. ही फट एका घरात सोडायची राहून गेली, तर न्हाणीचं दार असं फुगलं की आषाढात आंघोळीला गेलेला जावई दसऱ्याला बाहेर आला. मी पाहिलेलं नाही, पण सांगणारा जावयाच्या बाजूचा होता. स्क्रू स्टेनलेसचेच हवेत, कारण आमचं खारं वारं साधा स्क्रू शेंगदाण्यासारखा खातं. एवढं घोकल्यावर मिलिमीटरपेक्षा मोठी वस्तू मला दिसेनाशीच झाली. त्या सिलिंगाचा छेद, म्हणजे उभं कापल्यासारखं चित्र, मी सहा वेळा काढला. जिप्समची शीट, पट्ट्या, पट्ट्यांचे टांगे, खाच, दिव्याची वायर. स्लॅब म्हणून वर एक जाड रेघ ओढली. साइटवर त्या रेघेला चार कड्या लोंबताना मी या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मला वाटलं, बांधकामवाले लोखंड विसरले.

"ह्या घरात माटवी कधी चुकली नाय," काकी स्टुलावरून उतरत म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "शेतातल्या मांगरात ऱ्हवत होतंव तेवा मांगरात बांधली. आता एवढा घर बांधला, नि बाप्पा बोडकोच बसतलो?"

मुंबईहून आलेला त्यांचा पुतण्या पुढे सरसावला. "काकी, खालून बांबूचा स्टँड केला तर?"

"गप रे मेल्या. बाप्पा काय वरातीक इलो हा?"

"मग प्लास्टिकची फळं लावू. वजनच नाही."

काकींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो मुकाट्याने विहिरीवर पाणी शेंदायला गेला. त्या घरात विहिरीला पंप आहे.

आता अब्रू राखायची वेळ माझी. मी घसा साफ करून म्हटलं, "काकी, ही शीट दिसते तशी नाजूक नसते हां." काकींच्याच घरातला एक स्क्रू घेतला, शीटमध्ये पिळला आणि त्याला एक नारळ बांधला. पहिला क्षण माझा होता. दुसऱ्या क्षणी नारळ खाली आला, सोबत बशीएवढा जिप्सम घेऊन, आणि मी डोक्यापासून पायापर्यंत दळणाच्या गिरणीतून निघाल्यासारखी उभी राहिले. नारळ मात्र मधोमध फुटला.

"बरा झाला," काकी म्हणाल्या. "पयलो नारळ वाढवलंस. शिरा पडली तुझ्या त्या सिलिंगार!"

मी मागच्या दारी जाऊन सरांना फोन लावला. वादळ, भूकंप, शीट बनवणाऱ्यांचा हलगर्जीपणा, असं सगळं रंगवून सांगितलं. सरांनी एवढंच विचारलं, "छेदात वर काय दाखवलं होतंस?"

"स्लॅब."

"आणि स्लॅबला काय होतं?"

"कड्या," मी केळीच्या पानांना सांगितलं.

"मेस्त्रीला बोलव," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

ज्याने ते सिलिंग बसवलं तोच मेस्त्री. हाक गेली तेव्हा तो तिसऱ्या घरात मखर ठोकत होता, पण असा लगेच आला की जणू पायरीवरच बसला होता. वर बघून त्याला जराही नवल वाटलं नाही. "बाय, वायच सरा," म्हणाला. खिशातून बिडीच्या बंडलाचा घडी घातलेला कागद काढला, त्यावरची मापं बघून दोन भिंतींपासून टेप लावला आणि ड्रिलला गोल करवत लावून पहिलं भोक पाडलं. भोकाच्या नेमकं वर कडी. दुसरं भोक, कडी. तिसरं, चौथं, कडी, कडी. मग पिशवीत हात घातला. सळईचे चार लांब आकडे निघाले, कडीत अडकून सिलिंगाच्या बरोब्बर खाली येणारे. परत हात घातला. भोकांच्या कडा झाकायला लाकडाच्या चार गोल चकत्या निघाल्या, पांढऱ्या रंगवलेल्या, रंग कधीच वाळलेला. माझ्या नारळाने पाडलेल्या खड्ड्यावर तेवढा त्याला नवीन तुकडा बसवावा लागला. त्याचा त्याने निषेधही नोंदवला, एका उसाशाने.

दिवेलागणीच्या आत माटवी वर गेली. चार जणांनी उचलली, पुतण्याने शिव्या द्यायचं काम केलं. काकींनी दोन्ही हातांनी चौकट धरून असा हिसका दिला की घर असतं तर पडलं असतं. माटवी हलली नाही. मग त्यांनी केळीचा घड माझ्यापासून लांबच्या टोकाला बांधला.

मी मेस्त्रीला ओसरीवर गाठलं. तो अवजारं आवरत होता.

"मेस्त्री, त्या चकत्या कधी केल्यात?"

"सिलिंग मारलंय त्या आठवड्यात."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं? मग कड्या दिसल्या तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

त्याने पिशवीचं तोंड बांधलं.

"सांगूक इल्लंय," तो म्हणाला. "तुमी सिलिंगाचे फोटो काढी होतात."