आक्कांचे पाहुणे

पैसे मोजून बोलणी खायला लोक पुण्या-मुंबईहून नंदुरबारला येतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती बोलणी आक्का द्यायच्या. पाहुणा रिक्षातून उतरून बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच आक्का दारातून अहिराणीत सुरू करायच्या, "चप्पल कोठे काढी? तठे पानी जास. उचल, उचल!" आणि तो चांगला शिकलेला, गळ्यात महागडा कॅमेरा लटकवलेला माणूस हसत हसत चप्पल उचलायचा. मी माझ्या हॉटेलच्या पायरीवर उभा राहून बघायचो. माझ्याकडच्या गिऱ्हाइकाला नुसतं "आधार कार्ड दाखवता का" म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडते.

स्टेशन रोडला माझं हॉटेल आहे. मागच्या गल्लीत आक्कांचं दुमजली सिमेंटचं घर. यजमान गेल्यावर आक्का एकट्या पडल्या. मुलगा सुरतेला कापडबाजारात. आईला सोबत व्हावी म्हणून त्याने वरच्या दोन खोल्या फोनवरच्या कुठल्याशा ॲपवर टाकल्या आणि आमच्या गावात 'होमस्टे' हा शब्द आला. मी मनात हसलो होतो. म्हटलं, नंदुरबारला कोण हवा खायला येतंय! पण सातपुड्यातल्या काठी गावची होळी बघायला लोक येतात, तोरणमाळला जाणारे येतात, मिरचीचे फोटो काढणारेसुद्धा येतात. आणि ते सगळे माझ्या दारावरून आक्कांकडे जाऊ लागले.

आक्का मला 'लॉजवाला भाऊ' म्हणायच्या. मला ते लागायचं. एकदा म्हटलं, "लॉज नही आक्का, हॉटेल शे."

"हॉटेल म्हंजे जठे भजा भेटतस," आक्का म्हणाल्या. "तुन्हाकडे भेटतस का?"

नाही भेटत.

आता हे मत्सरानं म्हणतो असं वाटेल, आणि ते खरंही आहे, पण आक्कांच्या घरात पाहुण्याची सोय म्हणून काही नव्हतीच. फोनवरच्या फोटोत दिसायची मोकळी गच्ची आणि वर निळंभोर आकाश. प्रत्यक्षात हंगामात त्या गच्चीवर मिरची वाळत घातलेली. माणूस पत्ता शोधत यायचा तर नकाशा त्याला डाळमिलच्या मागच्या भिंतीशी नेऊन सोडायचा. गिझर होता, पण तो लावला की खालचा पंखा बंद पडायचा, म्हणून आक्का गिझर लावू द्यायच्या नाहीत. पाणी गॅसवर तापवून बादलीनं वर न्यायचं, तेही पाहुण्यानंच. लाइट गेली की गेली. सकाळी गोधडीची घडी आपली आपण करायची, चहाचा कप आपला आपण विसळायचा. आणि दारावर टकटक करणं हा प्रकार आक्कांना ठाऊक नव्हता. "मन्हंच घर शे, मी कोनाले इचारू?"

माझ्याकडे जनरेटर आहे. चोवीस तास गरम पाणी आहे. चादरी रोज बदलतात आणि त्या पांढऱ्या असतात, पांढऱ्याच राहतात. रात्री-अपरात्री कधीही या, काउंटरवर माणूस जागा असतो. पण हे सगळं ज्याला सांगायचं तो आक्कांच्या ओट्यावर बसून लसूण सोलत असायचा.

एकदा मुंबईचा एक तरुण तोंड लालबुंद करून माझ्या काउंटरवर आला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आंघोळीचा टॉवेल त्यानं गच्चीवर मिरचीशेजारी वाळत टाकला होता आणि दुपारी त्याच टॉवेलनं तोंड पुसलं होतं. मी त्याला बर्फ दिला, एसीत बसवलं, दूध पाजलं. म्हटलं, "खोली रिकामी आहे. बॅग मागवून घेऊ?" तो थोडा वेळ विचारात पडला. तेवढ्यात आक्का तुपाची वाटी घेऊन हजर. त्याची हनुवटी धरून लहान पोराला लावावं तसं त्यांनी त्याच्या गालांना तूप लावलं आणि वर सुनावलं, "मिरची देखीसन बी समजत नही? काय शिकाडं तुन्हा मायनी?" तो निमूटपणे त्यांच्या मागोमाग निघून गेला. बर्फ माझा, एसी माझा, दूध माझं, पाहुणा त्यांचा.

त्या दिवसापासून मला एक वाईट खोड लागली. सकाळच्या चहाबरोबर मी फोनवर आक्कांच्या घराबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते वाचायला लागलो. एका बाईंनी लिहिलं होतं, 'किल्ली मिळायला तास लागला. गिझर लावू दिला नाही. घरमालकीण रागावतात. पुढच्या वर्षी आईला घेऊन येणार.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग स्वतःच्या हॉटेलबद्दल शोधलं. पूर्ण पाच तारे, आणि खाली दोन शब्द: 'क्लीन. नियर स्टेशन.' कोणाला आईला आणायचं नव्हतं.

बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "तुम्ही कशाला तुलना करता? तुमचा धंदा आहे, त्यांचा स्वभाव आहे." हे मला समजावणं होतं की आणखी एक टोचणी, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

पण खरा घाव बसला तो घरातूनच. माझी मुलगी तेजू पुण्याला नोकरी करते. होळीच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "पप्पा, तुमच्याकडे दोन खोल्या मिळतील का?" मी म्हटलं, "अगं, कधी येतेस?" ती म्हणाली, "आलेय. मागच्या गल्लीत उभी आहे."

तिच्या मैत्रिणींना काठीची होळी बघायची होती. त्यांना 'हॉटेल नको, होमस्टे हवा' होता. त्यांनी आक्कांचं घर बुक केलं होतं, आणि माझ्या मुलीनं ते मला सांगितलं नव्हतं. रात्रभराच्या बसनं येऊन चौघी जणी कुलूप लावलेल्या दारासमोर बॅगा घेऊन उन्हात उभ्या होत्या. आक्कांना फोन लावला की तो बंद दाराआड आतच वाजत होता. शेजारी म्हणाले, आक्कांच्या माहेरी, प्रकाशा गावाजवळ, कोणी वारलंय, पहाटेच गेल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी मी उगाच फोनवर खेकसलो. खालच्या मजल्यावरच्या चांगल्या दोन खोल्या उघडल्या. नव्या चादरी, साबण, टॉवेल. बायकोनं घरून पोहे पाठवले. मुली आंघोळ करून, केस पुसत लॉबीत येऊन बसल्या. एक म्हणाली, "काका, किती बरं वाटलं! या होमस्टेवाल्यांचं काही खरं नसतं. मागे कोकणात तर आम्हाला निघताना भांडी घासायला लावली होती." दुसरी म्हणाली, "आणि वर साफसफाईचे वेगळे पैसे!" मी ऐकत होतो. अशी वाक्यं ऐकायला मी किती दिवस आसुसलो होतो ते माझं मला माहीत. तेजूकडे बघून म्हटलं, "हॉटेल म्हणजे कसं, सांगितलेलं असतं ते मिळतंच." ती खाली बघून हसली.

दुपारी आक्का आल्या. लुगड्याचा काठ अजून ओला होता. तापीवर आंघोळ करून तशाच एस.टी. पकडून आल्या होत्या. काउंटरजवळ येऊन म्हणाल्या, "मन्ह्या पोरी कोठे शेतस?"

माझ्या पोरी म्हणे! माझ्या हॉटेलात येऊन, माझ्या मुलीला धरून!

मुली बाहेर आल्या. मला वाटलं, आता आक्का माफी मागतील. आक्कांनी चौघींना रांगेत उभं करून झापलं. "फोन घरम्हाच राही गया, ते चुकनं मन्हं. पन मांगला दारले कुलूप नही, नुसती कडी शे! इतल्या शिकेल पोरी, घरना मांगे जाईसन देखता नही येस? दारम्हा उभ्या राहीसन काय, वऱ्हाड येवानी वाट देखी ऱ्हायन्यात?"

मग ती कोकणात भांडी घासलेली मुलगी खो-खो हसत सुटली, आणि पाठोपाठ सगळ्याच. "आजी, सॉरी," असं त्याच म्हणाल्या! बॅगा पुन्हा बाहेर आल्या. तेजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पप्पा, जाऊ?"

"जा की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? पांढऱ्या चादरींवर सुरकुतीही पडली नव्हती.

संध्याकाळी त्या जीपनं काठीला गेल्या. दुसऱ्या दिवशी धुळीनं आणि राखेनं माखून परतल्या तेव्हा आक्कांनी त्यांना अंगणातच अडवलं, केस झटकायला लावले आणि मोठं पातेलं भरून पाणी तापवून ठेवलेलं होतं त्यानं आंघोळ करायला लावली. मग भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हे मला कसं माहीत? कारण बायकोही तिकडेच जेवायला गेली होती. येताना माझ्यासाठी डबा घेऊन आली. भरीत चांगलं होतं, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

नंतर आक्कांचे गुडघे गेले. जिना चढणं होईना. मुलगा सुरतेहून आला आणि आता आईला तिकडेच नेतो म्हणाला. घर पुतण्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं. सामानाचा टेम्पो मुलगा पुढे घेऊन गेला. टेम्पोत गुडघ्यांना हिसके नकोत म्हणून आक्कांनी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं एका नातेवाईक बाईंबरोबर जायचं होतं. घरात ना गादी उरली होती ना गॅस. संध्याकाळी आक्का काठी टेकत माझ्याकडे आल्या. "भाऊ, एक रात ऱ्हावाले खोली शे का?"

आक्का आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलात उतरत होत्या. मी खालची एसी खोली उघडून दिली. एसीचा रिमोट समजावला, बेल दाखवली. काउंटरवर येऊन बसतो तोच बेल. चहा पाठवला. पुन्हा बेल. आता मीच गेलो. "काय पाहिजे आक्का?"

"काहीच नही. येस का कोनी, ते देखं."

त्या पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या, खांद्यावर शाल. मी खुर्ची ओढून बसलो. म्हणाल्या, "भाऊ, हाई बरं शे. कोनी इचारत नही, कोनी सांगत नही. मन्हा घरम्हा पाव्हना झोपत नही तवलोंग मन्हा डोया लागे नही. त्याले थंडी वाजी का, त्याले भूक लागी का. आनि तू आपली किल्ली देस, मोकया!" मग हसल्या. "खरं सांगू? मी तुन्हावर जळू. रोज."

इतकी वर्षं जे माझ्या पोटात जळत होतं, ते या बाईनं एका वाक्यात, हसत, शाल सावरत सांगून टाकलं होतं. मला ते कधी जमलं नसतं. त्या घटकेला मला आक्कांचा सगळ्यात जास्त हेवा वाटला. "मी बी जळस आक्का," असं ओठांवर आलं होतं. पण मी म्हणालो, "जेवणाचं काय सांगू?" आणि उठलो.

सकाळी त्यांना न्यायला गेलो तर त्या वेणी घालून तयार होत्या. पांघरूण अर्धं जमिनीवर, उशी पायथ्याशी, कप खिडकीत, टॉवेल खुर्चीवर. खोली बघून मी थबकलो. आक्का लहान मुलीसारख्या खुशीत म्हणाल्या, "आज मी काहीच उचलं नही."

स्टेशनवर त्यांना खिडकीजवळ बसवून दिलं. नातेवाईक बाई बरोबर होत्या, तरी आक्का समोरच्या बाकावरच्या एका अनोळखी तरुणाला विचारायला लागल्या, कोठला, कोठे चालला, पाण्याची बाटली आणली का. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून हात केला, पण बोलत होत्या त्याच्याशीच.

त्यांच्या घराच्या दारावर आता आकड्यांचं कुलूप आहे. गच्चीवर मिरची नाही, कुंड्या आहेत. पुतण्या कुठूनतरी फोनवर आकडे पाठवतो. ते कधी लागतात, कधी लागत नाहीत. पाहुणे रस्त्यावर ताटकळतात, घरात कोणाचा पत्ता नसतो, चादरीबद्दल विचारायचं तर मेसेज करायचा. वैतागून ते माझ्याकडे येतात. गर्दीच्या दिवसांत माझ्याकडे खोली शिल्लक राहत नाही. मी जिंकलो म्हणायला हरकत नाही.

आक्का रविवारी दुपारी सुरतेहून फोन करतात. कोण आलं, कुठलं, काय खाल्लं, सगळं विचारतात. मग त्यांच्या इमारतीतल्या बायकांचं सांगतात. रोज चार जणी चहाला जमतात म्हणे. त्या चार जणींना मी पाहिलेलं नाही, तरी मला त्या आवडत नाहीत.

परवा एक जुना पाहुणा माझ्याकडे उतरला. फोटो काढणारा, दर होळीला आक्कांकडे यायचा तो. काउंटरवर सही करता करता त्यानं विचारलं, "त्या मागच्या गल्लीतल्या आक्का... त्यांचा नंबर असेल का तुमच्याकडे? आईला बोलायचंय त्यांच्याशी."

मी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "नाही हो," म्हटलं, आणि त्याला खोलीची किल्ली दिली.